सुगरताबाईचं मुकं थळ

“मुक्याला मुकं म्हणालो, यात माझं काय चुकलं, बाबा?”

खेमराज उन्हातून तरातरा आला आणि चपला न काढताच खाटेपुढं उभा राहिला.

पैकूबाबा पाच दिवसांच्या तापातून त्या सकाळी पहिल्यांदा उठून बसले होते. हातात पेजेची वाटी होती. त्यांनी ती खाली ठेवली.

“कोनाले म्हनलं मुकं?”

“सुगरताकाकूंच्या थळाला. आता अख्खी वस्ती माझ्याकडं अशी बघतेय, जणू मी कुणाचा गळाच कापलाय!”

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी शेजारी खाली बसलो होतो.

“दसरू, नारळ सोडला काय तिनं?”

“परवा सोडला,” मी म्हणालो. “काल गेली. लेकीकडं.”

“म्हंजे जावयाच्या घरी...”

“हो.”

बाबांनी डोळे मिटले.

आमचं एक इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही नदीची वाळू धुऊन सोनं काढणारे लोक. आमच्या वस्तीत प्रत्येक घराचा काठाचा एक तुकडा ठरलेला आहे, त्याला आम्ही थळ म्हणतो. थळात सोनं उरलं नाही असं जाणत्यानं सांगितलं, की ते थळ मुकं. मग ज्याचं असेल त्यानं नदीत नारळ सोडायचा आणि काठावरून उठायचं. उठलेल्याला परत बसता येत नाही. आणि ज्यानं मुकं म्हटलं, ते थळ त्याच्याच गळ्यात. नदीच्या पूजेचा त्या थळाचा वाटा दरसाल त्यानं द्यायचा, काठ ढासळला तर त्यानं बांधायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं कुणी करू नये म्हणून जुन्या माणसांनी घातलेली अट.

जाणते म्हणजे पैकूबाबा. वीस-बावीस वर्षांपूर्वी कुणी एक साहेब जमीन तपासायला आला होता. जाताना धातू शोधायचं जुनं मशीन बाबांकडं ठेवून गेला. एक दांडा, खाली चकती, एक बटण आणि कानाला लावायचा हेडफोन. बस्स. त्यावर बाबांनी कान तयार केला.

खेमराज आमच्यातलाच, पण नागपूरला शिकलेला. तीन महिन्यांपूर्वी बाबांकडं कान शिकायला आला, तो स्वतःचं नवं कोरं मशीन घेऊन. त्याला पडदा काय, आकडे काय, सात प्रकारचे आवाज काय! पोरगा हुशार, नाही म्हणत नाही. पण बोलणं सगळं नाकानं कांदे सोलल्यासारखं. बाबा पहिला महिनाभर त्याला नुसती जमीन ऐकायला लावायचे. चकती वर न्यायची, खाली आणायची, जमिनीचा आवाज कानात सपाट होईपर्यंत. खेमराज म्हणायचा, “हे माझं मशीन दोन सेकंदांत आपोआप करतं.”

“बरं बाप्पा,” बाबा म्हणायचे. आणि पुन्हा तेच करायला लावायचे.

आता बाबांनी डोळे उघडले.

“तुले कोनं सांगितलं तिचं थळ पाहाले?”

“त्यांनीच! गुडघे सुजलेत, पाण्यात उभं राहवत नाही म्हणाल्या. तुम्ही तापात. मी गेलो, अख्खा काठ पालथा घातला. काही नव्हतं म्हणून काही नाही म्हणालो. खोटी आशा लावली असती तर बरं झालं असतं का?”

हे खरं होतं. मी होतो तिथं. माझं थळ तिच्या थळाला लागून. सुगरताबाई पदर खोचून काठावर बसली होती. ती म्हणाली, “नीट पाह्य रे बाबू. हे थळ गेलं का मले कोठी जागा नाही.” खेमराज अर्धा तास फिरला, हेडफोन काढला आणि म्हणाला, “काकू, काहीच नाही.” तिनं विचारलं, “इवलंसंही नाही?” तो म्हणाला, “इवलंसंही नाही.” तो पैकूबाबाचा चेला होता, म्हणून तिनं पुढं काही विचारलं नाही.

“लोखंड वगळाचं बटन चालू होतं काय?” बाबांनी विचारलं.

“अर्थातच. काठावर कचरा किती! प्रत्येक पत्र्याला मशीन ओरडत बसलं तर सोनं कधी ऐकायचं?”

“मंग आवाज आला काय?”

“एकही नाही.”

“अन् गुनगुन?”

हेडफोनमध्ये सतत एक बारीक गुणगुण चालू ठेवतात. मशीन जागं आहे, एवढंच ती सांगते.

खेमराज म्हणाला, “ती... मध्येमध्ये बंद पडत होती.”

“कोठी?”

“वरच्या अंगाला. त्या जुन्या जांभळीपाशी. जमीनच खराब असेल तिथली.”

बाबा उठले. झोक गेला, मी धरलं. त्यांनी माझा हात सोडवला.

“दसरू, फावडं घे. तू तुहं मशीन घे रे.”

“आत्ता? बाबा, तुमच्या अंगात ताप आहे.”

“ताप माह्या अंगात हाय. तू चाल.”

काठावर सुगरताबाईची वाळू धुवायची पाटी उपडी घातलेली होती. चुलीचे तीन दगड तसेच होते. बाबा तिकडं न बघता जांभळीपाशी जाऊन बसले.

“बटन बंद कर. सारं आयकू दे त्याले.”

खेमराजनं बटण फिरवलं, चकती जमिनीवरून नेली आणि मशीन असं काही किंचाळायला लागलं की त्यानं हेडफोनच उपसून काढला.

“हे बघा! सगळं लोखंड. आकडाच लोखंडाचा आहे!”

“खोद.”

वीतभर खाली खिळा निघाला. गंजलेला, वाकडा.

“झालं समाधान?”

“खोद.”

दुसरा खिळा. मग दोन एकदम, एकमेकांना चिकटलेले. मग पट्टीचा तुकडा. खेमराजच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण बाबांपुढं बोलतो कोण? त्यानं शर्ट काढून जांभळीला टांगला. खिळ्यांचा ढीग वाढत गेला. बाबा नुसते बघत होते.

“एवढे खिळे इथं आले कुठून?” शेवटी तो ओरडला.

मीच बोललो. “सुगरताबाईचा नवरा डोंगे, म्हणजे छोट्या नावा, बांधायचा. इथंच, या झाडाखाली. मोडक्या डोंग्याचे खिळे काढून टाकायचा, नवे ठोकायचा. पंधरा-वीस वर्षं.”

खेमराज फावडं टेकून माझ्याकडं बघायला लागला.

“तुम्हाला माहीत होतं?”

“वस्तीत सगळ्यांना माहीत आहे.”

“मग त्या दिवशी तुम्ही दहा हातांवर उभे होता, काका! तेव्हा का नाही बोललात?”

मी नदीकडं बघायला लागलो. यंत्रापुढं आपण अडाण्यानं काय बोलायचं, असं वाटलं होतं, हे खरं. पण तेवढंच खरं नव्हतं. सुगरताबाईनं गेल्या वर्षी हातभर काठासाठी माझ्याशी भांडण काढलं होतं, चारचौघांत माझी आय-माय काढली होती. मला वाटलं, जाऊ दे. बघू दे जरा. लाज वाटते सांगायला, पण वाटलं होतं असं.

“त्याले काहून इचारतं?” बाबा म्हणाले. “मशीन तुह्या हातात होतं. आता फिरव चकती. हळू.”

आता जमीन बरीच निवली होती. एक-दोन ठिकाणी घरघर आली, तिथले खिळेही निघाले. मग मशीन शांत झालं. गुणगुण तेवढी एकसारखी.

“झालं,” खेमराज म्हणाला. “आता तरी काही नाही ना?”

“अजून हळू. पावलं टाकू नको. आकड्याकडं पाहू नको.”

खेमराजनं पडद्यावर हात ठेवला. चकती सरकत होती, गोगलगाय चालते तशी. आणि एका जागी तो थबकला.

“काय?” बाबांनी विचारलं.

“काही नाही... गुणगुण जरा दबली. आणि पुन्हा वर आली. आवाज नाही म्हणता येणार.”

“आडवं नेऊन पाह्य.”

त्यानं आडवं नेलं. “तसंच.”

“आता दुसरीकडून जा.”

तो वळून पलीकडून आला. खाली लोखंड असलं तर चकती अशी दुसऱ्या बाजूनं नेली की आवाज तुटतो, त्याचे दोन तुकडे होतात. खेमराजचा चेहरा उतरत गेला.

“तुटत नाही...” तो पुटपुटला. “बाबा, तुटत नाही.”

बाबांनी हात पुढं केला. खेमराजनं हेडफोन काढून दिला. बाबांनी तो कानाला लावला, डोळे मिटले, मान जराशी कलती केली. मग काढून परत दिला.

“हातानं खोद. फावडं नको लावू.”

कोपरभर खाली चिकणमाती आणि गोटे लागले. खेमराज गुडघ्यावर बसून मूठ मूठ माती काढत होता, प्रत्येक मूठ चकतीसमोर धरत होता. एका मुठीला मशीन बोललं. तेवढंच, बारीक. त्यानं माती पाण्यात धुतली आणि हात उघडला.

बोराच्या बीएवढं सोनं. ओबडधोबड, पिवळं धमक. मी चाळीस वर्षं वाळू धुतो, एवढं एका तुकड्यात कधी बघितलं नव्हतं. वाळूत आम्हाला मिळतो तो भुगा, डोळ्यात जाईल असा.

माझ्या तोंडून “अगं माय!” निघून गेलं.

खेमराजला आनंद झाला नाही. असा मुलगा मी पहिल्यांदा बघितला, ज्याच्या हातात सोनं आलं आणि तोंडचं पाणी पळालं.

“हे त्यांचं आहे,” तो म्हणाला.

“कोनाचं?” बाबांनी विचारलं.

“सुगरताकाकूंचं.”

“तिनं नारळ सोडला. थळ आता तुहं हाय.”

“मला नको! नियम मोडा. तुम्ही सांगितलं तर वस्ती ऐकेल.”

“अन् वस्ती काय म्हनन?”

खेमराजच्या आता लक्षात आलं. माझ्या कधीच आलं होतं. शिकलेल्या पोरानं विधवेच्या थळाला मुकं म्हटलं. ती उठली. थळ त्याच्या पदरात पडलं. आणि तिसऱ्या दिवशी त्याच थळातून त्यानं सोनं काढलं. आता हा गंगेत उभा राहून शपथ वाहील, तरी याचं कोण ऐकणार?

“पण मी फसवलं नाही!” त्याचा आवाज फाटला. “मला खरंच ऐकू आलं नव्हतं. बाबा, तुम्हाला तरी माहीत आहे ना? मशीन गप्प होतं...”

“मशीनले तू सांगून ठेवलं होतं, हे आयकू नको म्हून. त्यानं नाही आयकलं. गुनगुन बंद करून तुले दाखवत होतं बिचारं.”

“म्हणजे तुम्हीही मला लबाडच म्हणता?”

“लबाड असता तं तुले समजलं असतं, इथं काय हाय ते.”

लबाड ठरला असता तर निदान त्याला शिक्षा तरी देता आली असती.

ऊन डोक्यावर आलं होतं. बाबांना पुन्हा थंडी वाजायला लागली होती, त्यांनी खांद्यावरचं पांघरूण छातीशी ओढलं. पलीकडच्या काठावर बायका पाट्या हलवत उभ्या होत्या. त्यांच्यातल्या दोघी-तिघी इकडं बघत होत्या. वस्तीत ही गोष्ट सांजेपर्यंत पोचणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

खेमराजनं खिशातून रुमाल काढला. सोनं त्यात बांधलं, गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मग बाबांच्या पायाशी बसला.

“बाबा, माझं शिकणं राहू द्या. उद्या मी परत जातो. पण हे मी आजच्या आज त्यांना नेऊन देतो. जावयाच्या घरी त्यांना मान तरी राहील. एवढं तर करता येईल ना मला? एवढं तरी बरोबर आहे ना?”

बाबांनी त्याच्या मुठीकडं बघितलं. मग तोंडाकडं.

“नेऊन दे ना, बाप्पा,” ते म्हणाले. “पन तिच्या जावयाच्या अंगनात उभा राहून काय म्हनशीन, ते पयले मले म्हनून दाखव.”