हातभर कमी

“पण किती द्यायचं, बाबा? याला कुठं शेवट आहे की नाही?”

सुगंधाबाईंनी विचारलं आणि हातातलं दोराचं टोक रागानं ओढलं.

“हळू,” येसूबाबा म्हणाले. “पीळ बिघडतो.”

घाटाच्या पायथ्याशी, विहिरीला लागून येसूबाबांची झोपडी होती. घायपाताच्या वाखाचे दोर वळण्यात त्यांचा जन्म गेला होता. आपण कुणाचे गुरू आहोत असं ते कधी म्हणाले नाहीत. पण लोक प्रश्न घेऊन यायचे. आलेल्याच्या हातात बाबा आधी दोराचं एक टोक द्यायचे. तो ते ताठ धरून उभा राहायचा, बाबा दुसरीकडून पीळ देत राहायचे. जे काही बोलणं व्हायचं, ते असं दोर वळता वळता.

घाटाच्या वाटेवर खानावळ चालवणाऱ्या सुगंधाबाई बारा वर्षं हे टोक धरायला येत होत्या. बाबांचं म्हणणं आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं त्यांना मनातून वाटायचं.

“वाडीची माणसं काल पुन्हा आली होती,” त्या म्हणाल्या. “जीपसाठी.”

वर कड्यावरच्या वाडीला दवाखाना नव्हता. साप चावलेला असो की अडलेली बाई, घोंगडीच्या झोळीत घालून चौघं जण घाट उतरायचे. आता कच्चा रस्ता झाला होता. वाडीनं विकत घ्यायला एक जुनी जीप ठरवली होती. मालक रविवारच्या बाजारापर्यंत थांबणार होता, पुढं नाही.

“तू दिलेस की मागं.”

“दिले. घरटी वर्गणीच्या दुप्पट दिले. मी त्या वाडीची नसून! तरी अजून कमी पडतायत म्हणे. आणि किती? नेमके माझ्या खोलीइतके.”

“कसली खोली?”

“खानावळीच्या मागं बांधतेय. वीस वर्षं चुलीशेजारी झोपते मी, बाबा. उशाशी पातेली. एक खोली, तिला एक खिडकी, एवढंच. विटासुद्धा सांगून ठेवल्यात. ही काय चैन झाली?”

“नाही गं. खिडकी असावी.”

सुगंधाबाई गोंधळल्या. वाद होईल म्हणून त्या तयारीनं आल्या होत्या.

“मग माझा वाटा मी दिला. झालं ना?”

बाबांनी वळलेला तुकडा गाठ मारून बाजूला ठेवला.

“तहान लागली. पोहरा सोड बघू.”

सुगंधाबाईंनी रहाटावरून पोहरा विहिरीत सोडला. हिवाळ्यात हाच दोर पुरून उरायचा. आता वैशाखात पाणी खाली गेलं होतं. दोराचं शेवटचं टोक हातात आलं, तशा त्या कठड्यावरून वाकल्या.

“टेकला पाण्याला?”

“नाही. हातभर कमी पडतोय.”

“वीस हात दोर आहे तो. सगळा सोडलास?”

“सगळा.”

“मग वीस हात पाणी आलं असेल.”

सुगंधाबाई खालीच बघत राहिल्या.

खाली पोहरा लोंबकळत होता. रिकामा. पाण्यात त्याची सावली हलत होती.

मागच्या श्रावणात झोळी त्यांच्याच ओट्यावर उतरवली होती. अडलेली बाई होती, वाडीची सून. त्या तांब्या घेऊन धावल्या. घोंगडी बाजूला केली... तांब्या भरलेलाच राहिला.

त्या एकदम सरळ झाल्या.

“मग सगळंच देते! खोलीचे देते, खानावळही विकते, आणि इथं येऊन बसते तुमच्याजवळ वाख वळत. मग तरी कुणी दारात मागायला यायचं नाही!”

बाबा उठले. सकाळपासून वळलेला तुकडा त्यांनी जुन्या दोराला जोडला, गाठ दातानं आवळली.

“सोड आता.”

पोहरा पाण्याला टेकला. बुडला. दोर जड झाला.

“भरला, बाबा!”

बाबांनी त्यांच्या हातातून दोर घेतला. आणि सोडून दिला.

टोक सळसळत कठड्यावरून गेलं. खाली धप्प झालं.

“अहो बाबा! हे काय केलंत?”

“दिला. सगळा दिला.”

सुगंधाबाई कठड्यावरून खाली वाकल्या.

“आता पाणी काढ.”

गळ टाकून पोहरा बाहेर काढेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. सुगंधाबाईंचे तळवे सोलवटले. दोनदा दोर गळाला लागला आणि निसटला. बाबा सावलीत बसून नुसते बघत होते. तिसऱ्यांदा लागला. सुगंधाबाईंनी पोहरा वर ओढला आणि बाबांच्या ओंजळीत पाणी ओतलं. बाबा पोटभर प्याले. मग त्या प्याल्या.

पदरानं तोंड पुसून त्या म्हणाल्या, “विटा नकोत म्हणून जाता जाता सांगते. पैसे आजच वाडीला पोचवते, रविवारची वाट नाही बघत. पण खानावळ विकायची नाही.”

“का गं?”

“ड्रायव्हर जेवेल कुठं?”

बाबा मोठ्यानं हसले.

सुगंधाबाई निघाल्या. चार पावलं गेल्या आणि थांबल्या. मघाचा ताठा आता आवाजात नव्हता.

“खोली पुढच्या वर्षी बांधीन म्हणते. पण बाबा... पुढच्या वर्षी दुसरी वाडी आली तर?”

बाबा आपल्या जागेवर जाऊन बसले होते. त्यांनी नवा वाख घेतला, पहिला पीळ दिला आणि एक टोक त्यांच्यासमोर धरलं.

सुगंधाबाईंनी ते सोललेल्या हातात घेतलं.

“ताठ धर,” बाबा म्हणाले. “अजून वळायचाय.”