न पोहोचलेला पाट

एकदा एका वृद्ध गुरुजींकडे त्यांचा शिष्य सकाळीच आला आणि मुकाट्याने ओसरीवर बसला. गुरुजींनी उभा जन्म नव्या कराराची मूळ भाषा, ग्रीक, शिकवण्यात घालवलेला. शिष्य गावातल्या चर्चचा नवा पाळक. एरवी प्रश्न विचारून भंडावून सोडणारा हा गडी आज गप्प का, याचे गुरुजींना नवल वाटले.

"काय बिनसलं रे?"

शिष्याने सांगितले. गावातला शांतवन नावाचा माणूस वारला होता. डोंगराच्या झऱ्याचे पाणी वस्तीच्या शेतांपर्यंत आणायचे म्हणून त्याने आयुष्यभर एकट्याने पाट खणला, आणि पाट माळावरच असताना तो गेला. अंत्यविधीला शिष्य म्हणाला, "शास्त्र सांगतं, सारी सृष्टीच व्यर्थतेच्या स्वाधीन आहे, तिथे माणसाच्या श्रमांचं काय!" शांतवनची बायको मार्थाबाई ऐकत राहिल्या. आता त्या म्हणतात, व्यर्थच होता तर पाट बुजवून टाकते, येता-जाता डोळ्यांना टोचायला नको. आज दुपारी त्यासाठी माणसे येणार होती.

"उचलली जीभ, लावली टाळ्याला," गुरुजी म्हणाले. "त्या जागी मूळ ग्रीक शब्द कोणता आहे?"

"मताइओतेस."

"अर्थ?"

"पोकळपणा. आत काही नसणं."

"चल माझ्याबरोबर."

काठी टेकत गुरुजी झऱ्यापाशी गेले. चपला काढल्या, करंजाचे एक पान तोडले आणि पाटात सोडले. मग पान जाईल तसे काठाकाठाने चालू लागले. शिष्याला काही कळेना. एवढा विद्वान माणूस पोरासारखा पानामागे चाललाय, कुणी पाहिले तर काय म्हणेल, असेही त्याच्या मनात आले.

माळावर मुरूम लागला. धार बारीक झाली, पाणी जिरले. पान ओल्या मातीवर बसले. समोर शेते दिसत होती.

"पान किडकं होतं?" गुरुजींनी विचारले.

"नाही."

"पाणी खारट होतं? पाट वाकडा होता?"

"नाही गुरुजी. पोहोचलं नाही."

"हाच तो शब्द. पोकळ म्हणायला ग्रीकमध्ये वेगळा शब्द आहे, केनोस. रिकामी घागर असते ना, तसा. मताइओतेस म्हणजे निघालं खरं, पण जिथे जायचं तिथे पोहोचलं नाही. आणि शास्त्रात त्याला लागूनच आशा आली आहे, ती तू सांगितलीच नाहीस."

"पण न पोहोचणं म्हणजे वाया जाणंच की."

"वाया गेलेलं टाकून देतात. अपुरं राहिलेलं कुणीतरी पुढे नेतं. मात्र शब्द कडू आहे, त्याला गोड करू नकोस. न पोहोचल्याचं दुःख खरंच आहे."

दोघे मार्थाबाईंच्या दारी गेले. शिष्य पुढे झाला.

"बाई, मी चुकीचं सांगितलं. शांतवनदादांचं काम पोकळ नव्हतं. ते पोहोचलं नाही."

"आणि पोहोचलं नाही, ते?" मार्थाबाईंनी विचारले.

"ते वाईट झालं."

तेव्हा त्या रडल्या. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच. "सगळे म्हणाले देवाची इच्छा. वाईट झालं, असं कुणी म्हटलंच नाही," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या.

थोड्या वेळाने शिष्याने चाचरत विचारले, "मग दुपारी माणसं येणार आहेत, त्यांना नको म्हणून निरोप धाडू?"

"कशाला? येऊ देत," मार्थाबाई उठत म्हणाल्या. "बुजवायला काय न् खणायला काय, फावडं तेच लागतं." आत जाऊन त्यांनी शांतवनची कुदळ आणली आणि शिष्याच्या हातात दिली.

त्या दुपारी पाट थोडा पुढे सरकला. शेतापर्यंत तो अजून पोहोचलेला नाही.