मान आजारी झाडाचा

एकदा एक मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. त्यांचे नाव विमलबाई. नदीकाठच्या एका लहानशा नगरात तीस वर्षे त्यांनी मुलांना गणित शिकवले होते. बाजारपेठेतल्या निम्म्या दुकानदारांना बेरीज-वजाबाकी त्यांनीच शिकवलेली, त्यामुळे बाई रस्त्याने निघाल्या की सायकलवरची मोठमोठी माणसेही खाली उतरत. शाळा सुटली, दिवस रिकामा झाला, आणि हातांना काही उद्योग हवा म्हणून बाईंनी गच्चीवर कुंड्या मांडल्या.

त्यांचे गुरू होते नरहरपंत. पंतांनी ऐंशी केव्हाच ओलांडली होती. वनस्पतींचे शास्त्र ते कुठल्या महाविद्यालयात शिकले नव्हते. उभे आयुष्य त्यांनी घरोघरी टपाल वाटले आणि टपाल वाटता वाटता लोकांची अंगणे पाहिली. आधी रोपाची चौकशी, मग पत्र, असा त्यांचा क्रम असे. आणि पत्राची वाट पाहणारी माणसेही तो मुकाट्याने चालवून घेत.

बाई शिष्या म्हणून फार चांगल्या. पंत बोलत ते सगळे त्या वहीत उतरून घेत. कोणत्या कुंडीला किती पाणी, कोणते खत केव्हा, याचे रकाने आखलेले होते. पहिल्याच वर्षी त्यांच्या चौदा जास्वंदी अशा फुलल्या, की खालून जाणारी माणसे माना वर करून पाहत. बाईंना त्याचा आनंद होई, आणि खरे सांगायचे तर थोडा अभिमानही.

मग भाद्रपदात एका सकाळी एका कळीच्या देठाशी कापसाचा बारीक पुंजका दिसला. बोटाने चिरडला तर चिकट लागला. तो पिठ्या ढेकूण होता, जास्वंदीचा जुना वैरी. पंतांचे घर चार गल्ल्या पलीकडे. जाऊन विचारायला पाच मिनिटे पुरली असती. पण ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांत लाल शेरे मारले, त्यांना आपल्या वहीत शेरा मारून घेणे जड गेले. बाईंनी ती कुंडी उचलली आणि पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवली. आठ दिवसांनी दुसरी नेली. आश्विन लागला तेव्हा टाकीमागे नऊ कुंड्या होत्या आणि त्यांच्यावर जुन्या चादरीचे पांघरूण होते.

पाऊस परतला, आकाश धुतल्यासारखे निळे झाले, की आश्विनातल्या एका रविवारी पंतांच्या अंगणात गावातल्या हौशी बागवाल्यांची बैठक भरे. चहा आणि दडपे पोहे असत, आणि झाडांच्या गप्पा दुपारपर्यंत चालत. येताना प्रत्येकाने आपले एक झाड आणायचे, एवढाच नियम. विमलबाईंची ही पहिलीच बैठक. त्यांनी ते प्रदर्शन समजून उरलेल्या पाचांपैकी सर्वांत देखणी जास्वंद निवडली, ओल्या फडक्याने तिचे पान न् पान पुसले आणि कुंडी मांडीवर घेऊन त्या रिक्षाने निघाल्या.

अंगणात पाऊल टाकताच त्यांना गडबडल्यासारखे झाले. मधोमध एक पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती, आणि पाटावर बसायचा मान कोणाच्या झाडाचा यावरून जोरात भांडण चालले होते.

"आधी माझ्या लिंबाचं बघा," बांगड्यांचे दुकान चालवणाऱ्या गंगूकाकू म्हणत होत्या. "सहा अळ्या आहेत! एक पान शिल्लक ठेवलं नाही मेल्यांनी."

"सहाचं काय कौतुक?" निवृत्त कंपाउंडर आपली टोमॅटोची कुंडी पुढे सरकवत म्हणाले. "या नागअळीनं पानापानांवर नकाशे काढलेत. ही बघा गोदावरी. आणि ही प्रवरा तिला मिळाली."

"नकाशे काढतेय म्हणजे तुमची अळी शिकलेली आहे," काकू म्हणाल्या. "माझ्या अळ्या अडाणी. नुसत्या खातात."

सगळे खो खो हसले. तेवढ्यात पंत स्वतः आपला गुलाब घेऊन बाहेर आले. त्याच्या फांद्यांवर खवले किडीचे करडे पापुद्रे चढले होते. "माझ्या चष्म्याचा नंबर वाढला," ते म्हणाले, "आणि तेवढ्यात हिनं इथं संसार थाटला." विमलबाई थक्क होऊन पाहत राहिल्या. गुरूच्याच झाडाला कीड, आणि गुरू ती चारचौघांत मिरवताहेत!

मग त्यांनी आपली कुंडी पुढे केली. "वा!" एक जण म्हणाला. "वा, वा," दुसरा म्हणाला. पंतांनी कुंडी हातात घेतली, पाने उलटून पाहिली, चारी बाजूंनी न्याहाळली. आणि मग अंगण ओलांडून फाटकाबाहेर जाऊन ती पायरीवर सावलीत ठेवली, वर थोडे पाणी शिंपडले आणि परत आले.

"पंत, त्यात काही दोष आहे का?" बाईंनी विचारले. त्यांचे कान तापले होते.

"नाही बाई. दोष नाही म्हणूनच," पंत म्हणाले आणि टोमॅटोशी जाऊन बसले.

बाईही बसल्या. कोणीतरी त्यांना पोहे दिले, कोणी चहा दिला, सगळ्यांनी मान दिला. पण अख्ख्या सकाळभरात त्यांना एक प्रश्न कोणी विचारला नाही. नागअळीच्या नकाशांवर मात्र आठ डोकी एकत्र वाकली होती.

बैठक रंगात आली असताना दिगंबर आला. हा सायकल दुरुस्तीच्या दुकानाचा मालक. बाईंचा जुना विद्यार्थी, आणि आता भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. त्याने झाकणाच्या बरणीत एक डहाळी आणली होती, आणि ती पांढऱ्या पुंजक्यांनी माखली होती.

"आईनं लावलेली जास्वंद आहे," तो पंतांना म्हणाला. "आई जाऊन सहा वर्षं झाली. देवाला रोज तिचंच फूल असतं. तीनदा धुतली, साबणाचं पाणी झालं, निंबोळीचं तेल झालं. आठ दिवस बरी असते. नवव्या दिवशी पुन्हा पांढरी."

भांडण आपोआप मिटले. काकूंनी स्वतःच लिंबाची कुंडी बाजूला घेतली आणि बरणी पाटावर ठेवली. पंतांनी विचारले, "मुंग्या आहेत का?"

"रांगच्या रांग. भिंतीवरून येतात."

"मग त्याच आणताहेत. या किडीचा गोड चिकटा त्यांना लागतो, म्हणून त्या तिची पिल्लं या झाडावरून त्या झाडावर नेतात. भिंतीपलीकडे काय आहे?"

"पलीकडे?" दिगंबर हसला. "पलीकडे बाईंची गच्ची आहे. बाईंच्या झाडाला लागायचं तर किडीला आधी अर्ज करावा लागेल!"

अंगण पुन्हा हास्यात बुडाले. बाईही हसल्या, पण पोह्यांची बशी त्यांनी तशीच खाली ठेवली.

"वाट शोध बाबा," पंत म्हणाले. "मूळ जागा सापडली नाही, तर हे झाड कार्तिक काढणार नाही."

विमलबाई घरी आल्या त्या थेट गच्चीवर गेल्या. टाकीमागची चादर उचलली. नवव्या कुंडीपासून निघालेली मुंग्यांची काळी रेघ कपडे वाळत घालायच्या तारेवर चढली होती, तारेवरून भिंतीवर, आणि भिंतीवरून पलीकडे. ती त्यांनी पूर्वीही पाहिली होती. पाहून दुसरीकडे पाहिले होते.

उपाय मात्र सोपा होता. या नऊ कुंड्या गुपचूप उचलून टाकून द्यायच्या. कीड संपेल, दिगंबरचे झाड वाचेल, आणि कोणाला काही कळायचेही नाही. बाईंनी पहिली कुंडी उचलून जिन्यापर्यंत नेली. तोच भिंतीपलीकडच्या अंगणातून पाण्याचा आवाज आला. दिगंबर चौथ्यांदा झाड धूत होता, आणि त्याची बायको म्हणत होती, "सोडा आता. दुसरं लावू."

"झाडाचा काही दोष नाही गं," दिगंबरचा आवाज आला. "माझाच हात वाईट आहे. आईला जमायचं ते मला जमत नाही."

बाईंनी कुंडी खाली ठेवली. तीस वर्षांत असे वाक्य त्यांनी शेकडो मुलांच्या तोंडून ऐकले होते, आणि एकदाही ते तसेच राहू दिले नव्हते. 'माझ्या डोक्यातच शिरत नाही' असे कोणी म्हणाले, की बाई खडू घेऊन त्याच्या बाकापाशी जात आणि म्हणत, 'तुझं डोकं ठीक आहे, आकृती चुकली आहे.' आज आकृती त्यांनीच चुकवली होती, आणि डोक्याला दोष दुसराच कोणी देत होता.

त्या जिना उतरल्या आणि शेजारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई!" दिगंबरने ओले हात घाईने लेंग्याला पुसले. "तुम्ही कशाला आलात? मला हाक मारायची."

"दिगंबर, तुझ्या झाडावरची कीड माझ्या गच्चीवरून येते," बाई म्हणाल्या. "नऊ कुंड्या भरल्यात. मी त्या टाकीमागे लपवल्या होत्या. भाद्रपदापासून मला ठाऊक आहे."

दिगंबरने पायाशी पडलेला तांब्या उचलून हळूच कट्ट्यावर ठेवला.

"तीनदा धुतलं बाई," तो म्हणाला. "दर वेळी वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय."

"तुझं काही चुकलं नाही. चुकलं ते माझं."

त्याने वळून आईच्या जास्वंदीकडे पाहिले आणि तसाच घरात निघून गेला. बाई दारात उभ्याच राहिल्या. आपल्याशी हा आता बोलेल की नाही, याचा विचार करत. घरात काहीतरी खडखडले, आणि दिगंबर दोन जुने टूथब्रश आणि ग्रीसचा डबा घेऊन बाहेर आला.

"चला," तो म्हणाला. "आधी तार सोडायची. ग्रीस लावलं की मुंग्यांचा रस्ता बंद. आणि बाई, साबण तुमचा. माझा संपला."

बाईंनी संध्याकाळीच सगळ्यांना निरोप धाडले. दुसऱ्या दिवशी सकाळी पंत काठी टेकत गच्चीवर आले, तेव्हा नऊही कुंड्या उन्हात मांडलेल्या होत्या. दिगंबर फांद्या घासत होता, गंगूकाकू छाटलेल्या डहाळ्या पिशवीत भरत होत्या, आणि कंपाउंडर मापाच्या ग्लासाने निंबोळीचे तेल पाण्यात कालवत होते. विमलबाईंचा पदर खोचलेला होता आणि कोपरापर्यंत हात फेसाने भरले होते. पंतांनी भिंतीपलीकडची जास्वंदही पाहिली. ती हातभर ठेवून बाकी छाटून टाकायला सांगितले, आणि मग ते एका उलट्या बादलीवर बसले.

"पंत," बाईंनी विचारले, "तुम्हाला माझ्या टाकीमागचं ठाऊक होतं का?"

"मुळीच नाही."

"मग माझं झाड बाहेर का ठेवलंत?"

पंत हसले. "बाई, निरोगी झाड पाहिलं की माणूस 'वा' म्हणतो आणि पुढे जातो. आजारी झाड पाहिलं की तो खाली बसतो, पान उलटतो, आपल्या घरचं सांगतो. तुमच्या झाडापाशी कोणाला बसताच येईना. आता बैठकीत त्याचं काय काम? कीड लागली म्हणून झाड नापास होत नाही, आणि माळीही होत नाही. जिथं कोवळीक आहे तिथं ती येणारच. माझ्याही घरी आलीच की. आपण ती माणसांपासून झाकू शकतो, पण मुंग्यांपासून कशी झाकणार? झाकलेली कीड भिंत ओलांडते. आणि पलीकडच्या बिचाऱ्याला ती कुठून आली हेच कळत नाही, म्हणून तो स्वतःलाच दोष देत बसतो."

बाईंनी दिगंबरकडे पाहिले. तो खाली मान घालून ब्रश चालवत होता.

"हे कालच का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारले.

"सांगितलं असतं, तर तुम्ही वहीत लिहून घेतलं असतं," पंत म्हणाले. सर्वांत मोठ्याने हसल्या त्या विमलबाईच.

नऊपैकी सहा कुंड्या वाचल्या, तीन टाकाव्या लागल्या. दिगंबरच्या आईची जास्वंद कार्तिकभर नुसते लाकूड होऊन उभी होती. मार्गशीर्षात त्या लाकडाला बुंध्यापाशी दोन कोंब आले. दिगंबरने ते बायकोला दाखवले, मग दुकान उघडायचे सोडून बाईंना दाखवायला हाक मारली.

त्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी त्याच्या दाराची कडी वाजली. दारात विमलबाई होत्या. तळहातावर शेवंतीचे एक पान.

"दिगंबर, जरा बघ रे. मागच्या बाजूला हे पिवळे ठिपके कसले? मला ओळखू येत नाहीत."

दिगंबरने पान उजेडात धरले, उलटले, पुन्हा सुलटे केले. "मलाही नाही कळत, बाई."

"मग चल. पंतांना विचारू."

दोघे निघाले. वाटेत गंगूकाकू दुकान झाडत होत्या. त्यांनी ते पान हातात घेऊन पाहिले, "अगंबाई, हे तर माझ्याकडेही आहे!" म्हणाल्या, केरसुणी कोपऱ्यात उभी केली आणि चपला सरकवून त्यांच्यामागे चालू लागल्या.