हिरायचं ऊन

फार वर्षं झाली. आपल्या खाडीच्या तोंडाशी जो कडा आहे ना, तिथे तेव्हा गिधाडांची वस्ती होती. रात्रभर दवात भिजलेली ती मोठी पाखरं सकाळी सूर्याकडे पाठ करून बसत आणि पंख पसरून उन्हात वाळवत. पाठ सूर्याकडे, म्हणून तोंड आपोआप समुद्राकडे.

गावात हिराय नावाची कोळीण होती. तिचा नवरा नागू तांडेल गलबत घेऊन दूरदेशी निघाला, तेव्हा ती म्हणाली, "मी रोज कड्यावरून वाट बघेन."

नागू हसला. "तू बघशील गं, पण मला पाण्यातून दिसशील कशी? त्या गिधाडांसारखे हात पसर, मग दिसशील."

थट्टाच ती. पण गलबत परत आलं नाही आणि हिरायने थट्टा खरी धरली.

उजाडलं की ती कड्यावर जाई. आधी पाखरं उडून जात. मग तिच्या ध्यानात आलं, आपण मागून येतो, आपली सावली त्यांच्या पंखांवर पडते. ती बाजूने येऊ लागली. पाखरं बसून राहिली. त्यांच्या ओळीत हिराय हात पसरून उभी राही.

"काय गं हिराय, पंख फुटले का?" बायका विचारत.

"फुटले असते तर इथे थांबले असते होय?"

तिचे केस पिकले. एका सकाळी गावच्या होड्या परतताना दाट धुकं उतरलं. खाडीचं तोंड दिसेना, आणि तिथे तर खडकच खडक. किनाऱ्यावर बायका हाका मारून रडू लागल्या. ऊन नव्हतं, म्हणून पाखरंही पंख मिटून बसलेली. हिरायने एकटीनेच हात पसरले.

असं म्हणतात, ऊन आधी तिच्या पाठीवर आलं. मग शेजारच्या पाखराने पंख उघडले, मग त्याच्या शेजारच्याने, आणि पंख उघडत गेले तसं धुकं फाटत गेलं. होडीवाल्यांना ती काळी ओळ दिसली. तिच्या खुणेने सगळ्या होड्या आत आल्या.

"हिराय, आले गं सगळे!" बायका ओरडत वर धावल्या. सगळे, म्हणजे नागू सोडून.

वर तिचं लुगडं होतं, दवाने भिजलेलं. हिराय नव्हती. असं म्हणतात, ओळीतलं एक पाखरू उठलं आणि गलबत गेलं होतं त्या वाटेने लांब निघून गेलं.

आता कड्यावर गिधाडं येत नाहीत. पण पावसाळ्यानंतर होड्या पहिल्यांदा बाहेर पडतात, त्या सकाळी गावच्या बाया सूर्याकडे पाठ करून कड्यावर हात पसरून उभ्या राहतात. ओळीत एक जागा मोकळी ठेवतात. एखादं पोर त्या जागेमागे जाऊन उभं राहिलं, की म्हातारी कुणीतरी दटावते, "सरक रे बाजूला. हिरायचं ऊन अडवू नको."