बांधावरचा वाद

फार जुन्या काळची गोष्ट. खाडीकाठी एक गाव होतं. गावात एक देऊळ होतं, देवळात एक घंटा होती, आणि खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून गावाभोवती मातीचा लांबलचक बांध होता.

देऊळ आणि बांध दोन्ही एकाच माणसाने उभे केले होते. तो प्रभूचा प्रेषित होता आणि होडीतून आला होता. त्याने गावाला प्रभूचं वचन सांगितलं आणि एका ग्रंथात लिहून ठेवलं. जाताना त्याने गावातल्या एका माणसाच्या मस्तकावर हात ठेवला आणि म्हणाला, "वाचून दाखव, समजावूनही सांग. पदरचं घालू नकोस, माझं सांगितलेलं गाळू नकोस." तेव्हापासून प्रत्येक धर्मगुरू पुढच्याच्या मस्तकावर हात ठेवत आला आणि ऐकलेलं सगळं सांगत आला.

पुढे लोक लिहायला-वाचायला शिकले. घरोघरी ग्रंथाची प्रत आली. ही चांगलीच गोष्ट होती. धर्मगुरूंनी स्वतःच कितीतरी प्रती उतरवून दिल्या होत्या. पण मग लोक म्हणू लागले, "आम्हाला डोळे आहेत. आता मध्ये हे म्हातारबाबा कशाला?" त्यांनी धर्मगुरूंना विचारणंच सोडलं. गावात घरं होती बावीस. वर्षभरात ग्रंथाचे अर्थ झाले तेवीस, कारण एका घरात दोन भाऊ होते.

एकदा प्रभूच्या दिवशी, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, सकाळी एक विधवा आपलं शेत बघायला गेली. तिचं शेत सगळ्यांत सखल, अगदी बांधाला लागून. नुकतीच लावणी झाली होती. बघते तो बांधाला खेकड्याने बीळ पाडलेलं, आणि त्यातून बोटभर धारेने खारं पाणी आत येतंय. भरती तर अजून चढायची होती. तिने कुदळ उचलली.

इतक्यात एकाने येऊन कुदळीचा दांडा धरला. हा गृहस्थ अख्खा ग्रंथ तोंडपाठ म्हणायचा. "अगं बाई, प्रभूच्या दिवशी माती उकरू नये असं स्पष्ट लिहिलंय."

"भाऊ, पाणी येतंय!"

"पाणी आल्यास उकरावी, असं कुठं लिहिलंय?"

माणसं जमली. कुणी म्हणालं, उकरू नये, पण आयती पडलेली माती टाकायला हरकत नाही. कुणी म्हणालं, बैलाने उकरली तर चालेल. एक विचारवंत डोळे मिटून म्हणाले, "माती म्हणजे आपलं मन आणि पाणी म्हणजे मोह. खरं पाणी इथे अभिप्रेतच नाही." तेव्हा ते घोट्यापर्यंत पाण्यात उभे होते. काय बोलावं अशा माणसांपुढे!

टोपलीभर चिखलाचं काम होतं. वाद रंगला तशी धार मनगटाएवढी झाली, मग मांडीएवढी. विधवा टेकडीवरच्या देवळाकडे धावली आणि धर्मगुरूंना घेऊन आली.

म्हातारे धापा टाकत पोचले. भगदाड पाहिलं, गर्दी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अरे, भांडायचं तर भांडा, पण एका हाताने चिखल तरी टाका! घ्या टोपल्या!"

"बाबा, नियम मोडायला सांगता?" तोंडपाठवाल्याने विचारलं.

"नियम माझा असता तर मोडला असता. तो प्रभूचा आहे. एक दिवस कुणाच्या मानेवर जू नको, म्हणून तो नियम. आज या बाईच्या मानेवर जू कुणी ठेवलं? प्रेषिताच्या वेळीही प्रभूच्या दिवशीच बांध फुटला होता. प्रेषिताने प्रार्थना थांबवली, अंगरखा खोचला आणि आधी भगदाड बुजवलं. त्याच्या शेजारी उभं राहून ज्याने चिखल दिला, त्याने हे पुढच्याला सांगितलं. असं सांगत सांगत ते माझ्यापर्यंत आलं."

"पण हे कुठं लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं."

"मग पुरावा काय?"

धर्मगुरूंनी त्याच्या पायांकडे बोट दाखवलं. "ज्या बांधावर उभा राहून पुरावा मागतोस, तो काय आहे? त्या दिवशी त्याचं भगदाड बुजवलं नसतं, तर आज ना गाव असतं, ना तुझा ग्रंथ."

 गृहस्थाने दांडा सोडला, आणि मग दुसऱ्या बाजूने तोच दांडा धरून खणू लागला. दुपारपर्यंत भगदाड बुजलं. बावीस घरं वाचली, पण विधवेचं शेत गेलं. मातीत मीठ मुरलं आणि तीन पावसाळे तिथे गवताची काडीही उगवली नाही. ती तीन वर्षं गावाने आपल्या ताटातलं तिच्या ताटात वाढलं. पहिला घास तोंडपाठवाल्याच्या घरून यायचा.

त्यानंतर प्रभूच्या दिवशी गाव पुन्हा एकत्र बसू लागलं. ग्रंथ उंच चौरंगावर असे आणि धर्मगुरू त्याच्या शेजारी, पण बुटक्या पाटावर. पाट मुद्दाम बुटका करायला त्यांनीच सांगितलं होतं. "मी ग्रंथाचा चाकर आहे," ते म्हणत, "पण चाकराला धन्याची सवय ठाऊक असते, एवढं ध्यानात ठेवा."

तात्पर्य: ज्यांच्या हातून वचन आलं त्यांची शिकवण सोडून जो नुसती अक्षरं कवटाळतो, त्याच्या हट्टाचं मीठ शेजाऱ्याच्या शेतात मुरतं.