न मारलेली हाक

फार पूर्वीची गोष्ट. चहूकडून डोंगर आणि मधे ओंजळीएवढी सपाट जागा, तिथं एक गाव वसलं होतं. त्या गावावर बारा महिने धुकं असायचं. उन्हाळ्यात पातळ, थंडीत दाट, पण पुरतं हटलं असं कधी झालं नाही. सूर्य दिसायचा तो दुधात हळद सांडल्यासारखा. चंद्र आणि चांदण्या तर तिथल्या कुणी जन्मात पाहिल्या नव्हत्या.

त्या गावात दोर वळणारा एक माणूस राहत होता. आईबाप लवकर गेले, धाकटी बहीण तेवढी उरली. तिला त्यानंच लहानाचं मोठं केलं. बहीण अंगानं काटकुळी, पण जिभेला धार. दादा अंबाडीला पीळ देत मागं मागं सरकायचा, ती दुसरं टोक धरून बसायची आणि तिचं तोंड काही बंद नसायचं.

एकदा एक बैरागी वाट चुकून गावात आला. शेकोटीपाशी बसून म्हणाला, "तुमच्या या धुक्याच्या वर आभाळभर दिवे आहेत. कुणी लावले ते ठाऊक नाही, पण विझत नाहीत."

लोक हसले. एक जण म्हणाला, "बुवा, अजून एक भाकरी घ्या. भुकेपोटी असं दिसतं माणसाला."

बहीण मात्र हसली नाही. ते दिवे तिच्या डोक्यात शिरले ते शिरलेच.

शेकोटीच्या धगीवर वाळकी पानं वर जातात, हे तिनं पाहिलं होतं. तिनं गावाला सांगितलं, "लुगड्यांचा एक मोठा फुगा शिवू. खाली टोपली बांधू, टोपलीत शेगडी. दादाचा दोर जमिनीशी बांधलेला राहील. मी हलकी आहे, मी जाते. बघून आले की ओढून घ्या खाली."

"आणि थंडीत पोरांना काय पांघरू? तुझे दिवे?" गावातली सगळ्यात म्हातारी आजी म्हणाली.

"आजी, डोंगरापलीकडे काय आहे तेही दिसेल की. आपलं पाणी कुठून येतं, कुणाला माहीत आहे?"

"पाणी येतंय ना? मग कुठून का येईना!"

बरीच वादावादी झाली. पण पोरीची तळमळ खरी होती. शेवटी घरोघरून एकेक लुगडं आलं, आजीनंही दिलं. त्या थंडीत गावातली पोरं एका पांघरुणात तिघं-तिघं झोपली. आभाळ काही फुकट दिसत नसतं, बरं का.

आता त्या गावाची एक रीत सांगतो. ती तुमच्याआमच्याकडेही आहेच. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. तो 'येतो' म्हणाला, पाठ फिरवली, की मागच्यांनी तोंड मिटायचं. हाक मारली तर अपशकुन होतो, काम फिसकटतं. कुणी चुकून हाक मारलीच, तर गाव त्याला वर्षभर टोचून बोलायचं.

जायचा दिवस उजाडला. माणसांनी टोपली ओढत माळावर आणली. संध्याकाळी शेगडी पेटली, फुगा भरला. हलगी वाजू लागली. बहिणीनं सगळ्यांच्या पाया पडत शेवटी दादाला वाकून नमस्कार केला.

"वर गेल्यावर नाचू नकोस," दादा म्हणाला.

"आणि तू खाली रडू नकोस. दोर भिजेल. येते रे."

ती वळली आणि टोपलीकडे चालू लागली. तेवढ्यात दादाची नजर टोपलीच्या गाठीवर गेली. माळावर ओढून आणताना दोर तिथं दगडाला घासला होता. तिपेडी दोराचा एक पेड तुटून वर आला होता.

दादाचं तोंड उघडलं. हाक घशापर्यंत आली. पण तिची पाठ फिरलेली. सगळा गाव नटूनथटून उभा. त्याच्या मनात आलं, मी हाक मारली आणि वर काही झालं, तर लोक म्हणतील, सख्ख्या भावानंच अपशकुन केला. मग वाटलं, दोन पेड शाबूत आहेत, पोर तर पिसासारखी हलकी आहे. धरेल दोर. अजून जरा थांबून त्यानं पाहिलं, तर ती टोपलीत चढली होती. फुगा वर निघाला.

दादानं तोंड मिटलं.

फुगा धुक्यात शिरला आणि दिसेनासा झाला. दादा दोर सोडत राहिला. बऱ्याच वेळानं वरून तिचा आवाज आला, लांबून, पण स्वच्छ.

"दादाऽ! डोंगरामागं मोठं तळं आहे! काठोकाठ भरलंय! बांधासारखा कडा आहे ना, त्याला चीर गेलीय! वरच्या आळीला सांगा, घरं सोडा!"

खाली एकच गलका झाला. वरच्या आळीची माणसं पळाली. मग पुन्हा आवाज आला, या वेळी हसरा.

"दादा, बुवा खोटं बोलला नव्हता रे! आहेत दिवे! सगळीकडे आहेत!"

आणि वर वारा सुटला. दोराला एक हिसका बसला, मग दुसरा. मग दोर हातात एकदम हलका झाला. धुक्यातून तो खाली येऊ लागला, वेटोळ्यावर वेटोळं, आणि त्याच्या टोकाला काहीच नव्हतं.

गावानं डोंगर पिंजून काढले. ती सापडली नाही.

पुढं थोड्याच दिवसांत तळं फुटलं. वरच्या आळीची रिकामी घरं वाहून गेली, माणूस एकही गेला नाही. गावानं माळावर दगड उभा केला, त्याला शेंदूर लावला. जाणती माणसं म्हणू लागली, "मोठ्या कामाला बळी लागतोच." दादा तिथून मान खाली घालून जायचा.

काही वर्षांनी कुंभाराच्या सुनेनं वर जायचं म्हटलं. गावात दोन तट पडले. एक म्हणे, "पुरे झालं ते आभाळ." दुसरा म्हणे, "थोडंफार सोसल्याशिवाय काही मिळतं का?" शेवटी सगळे दोरवाल्याकडे आले. "तुझं माणूस गेलंय. तू सांगशील ते खरं."

दादा म्हणाला, "आभाळाला दोष देऊ नका. आणि बळीबिळी म्हणू नका. ती वर गेली म्हणून तळं दिसलं, तुमची पोरं वाचली. पण ती परत आली नाही, ते मी गप्प बसलो म्हणून. पेड तुटलेला मी पाहिला होता."

कुंभार संतापून म्हणाला, "पाहिलास आणि बोलला नाहीस?"

"नाही बोललो. तिची पाठ फिरली होती."

आजी हळूच म्हणाली, "अरे, मी पाहिलं असतं तर मीही बोलले नसते. रीतच आहे तशी."

"तेच तर, आजी. एक हाक मारली असती, तर ती दुसऱ्या दिवशी गेली असती. तळं दुसऱ्या दिवशीही दिसलं असतं. दिवे कुठं पळून जात होते?"

त्यानं नवा दोर वळायला घेतला. एकच अट घातली: निघालेल्याची पाठ फिरली तरी, ज्याला काही दिसेल त्यानं हाक मारायची.

सून निघाली आणि आजी ओरडली, "ए, थांब गं! शेगडी हलतेय का बघा!" शेगडी घट्ट होती. पण तपासेपर्यंत अंधार पडला, धग गेली, फुगा उतरवावा लागला. लोक पुटपुटले, "म्हातारीला काहीतरीच दिसतं." दादा आजीजवळ गेला आणि त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

दुसऱ्या संध्याकाळी सून वर गेली आणि गारठलेल्या गालांनी हसत खाली आली. माळावर हलगी वाजू लागली. दादा एका बाजूला बसून दोर गुंडाळत होता. त्यानं टोक चाचपलं. तिन्ही पेड शाबूत होते.

"थांब," तो स्वतःशीच म्हणाला. बोलायला किती लहान शब्द होता तो!

तात्पर्य इतकंच, बाळांनो: उंच जायचं तर धोका असतोच, तो पत्करावा. पण डोळ्यांना दिसलेला धोका जिभेखाली लपवून जाणाऱ्याला निरोप देऊ नये.