भागीच्या बेटावर न बोलायचा शब्द

बेटावर जायच्या आदल्या रात्री मृणालला झोप लागली नाही, ती एका शब्दामुळे.

संध्याकाळी तेरवडच्या किनाऱ्यावर होडी ठरवताना अनाजी कुबल सहज म्हणाले होते, "ताई, एक सांगान ठेवतंय. भागीच्या बेटार 'नको' म्हणूचा नसता. चुकान तोंडातसून गेला तर थयल्या राशीर एक गोटो ठेवूचो. बाकी काय शिक्षा नाय."

यावर मृणालचा नवरा हृषीकेश इतका हसला, की त्याला वाळूत बसावं लागलं. "काका, हिला बेटावर नेऊ नका. तिथे डोंगर उभा राहील."

मृणालही हसली. मग खोलीवर येऊन आडवी झाल्यावर तिला मुलीच्या शाळेतल्या बाई आठवल्या. सहलीला निघायच्या दोनच दिवस आधी त्या म्हणाल्या होत्या, "रेवू गुणी आहे हो फार. पण घसरगुंडीच्या पायरीशी जाते, एक पाय उचलते आणि मागे वळून बघत उभी राहते. चढ म्हटलं की म्हणते, आई नको म्हणेल. अहो, आई तर शाळेत नसतेच!" बाईंनी ते कौतुकानं सांगितलं होतं की काळजीनं, हे मृणालला ठरवता आलं नव्हतं. तिने मुलं वाढवण्याबद्दलची पुस्तकं पेन्सिलीने खुणा करकरून वाचली होती. खुणा कशाच्या खाली केल्या होत्या, ते मात्र त्या रात्री एकही आठवेना. साडेचार वर्षांच्या मुलीच्या डोक्यात आपण चोवीस तास पहारा देत बसलोय, हे चित्र काही तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

सकाळी, रविवार असूनही, हृषीकेशला कचेरीची मीटिंग निघाली आणि बेटावर रेंज नाही. त्यामुळे होडीत मायलेकी आणि अनाजीकाका, एवढेच. रेवूला घातलेलं लाइफ जॅकेट तिच्या कानापर्यंत येत होतं. नारिंगी कासवासारखी ती फळीवर बसली होती.

"आई, पाण्यात बोट घालू?"

"नको."

"आई, जॅकेटचं बटण उघडू?"

"नको गं, बाळा."

"म्हणान घेवा, ताई," अनाजीकाका सुकाणूवरून म्हणाले. "पोटभर म्हणान घेवा. होडयेत चालता. पाय बेटाक लागलो की बंद."

पाहुण्यांशी बोलताना ते मालवणीला थोडी इस्त्री करत. पण बोलण्याच्या भरात ती लगेच मोडायची.

समोर बेट वर येत होतं. धक्का नाही, घर नाही, चहाची टपरी नाही. काळा खडक, त्यावर केवड्याचं बन, पाचसहा वाकडे माड आणि पायथ्याशी नखाएवढी पांढरी वाळू. त्या वाळूच्या कडेला, पुरुषभर उंचीची, गोल गोट्यांची एक करडी रास दिसत होती. लांबून ती कुणीतरी पाठ करून बसल्यासारखी वाटे.

"ती बघा रास," काका म्हणाले. "अर्धी आयांनी रचली. उरलेली जत्रेतल्या पाहुण्यांनी."

"पाहुण्यांनी का?"

"जत्रेक हयसर जेवण असता. वाढप्याक 'नको' म्हणूक गावत नाय. वाढपी खूश, पाहुणो आडवो!" ते आपल्याच विनोदावर हसले. मग त्यांनी इंजिन बंद केलं. बेटाभोवती पाण्याखाली खडपं, म्हणजे बुडालेले खडक, होती. ओहोटीने त्यांची डोकी उघडी पडेपर्यंत थांबायचं होतं. एकदम सगळं शांत झालं. होडीच्या बुडाला पाणी चापट्या मारत राहिलं.

डोक्यावरून एक पांढरा पक्षी गेला.

"आई," रेवूने हळूच विचारलं, "त्या पक्ष्याकडे बघू?"

मृणाल तिच्याकडे वळली. "बघ ना," ती म्हणाली. "बघायला काय विचारायचं?" आणि विषय बदलायला म्हणून, किंवा तो बदलू नये म्हणून, तिने काकांना विचारलं, "ही भागी कोण?"

अनाजीकाकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पुढचं सगळं त्यांनी बेटाकडे बघत सांगितलं.

फार पूर्वी, असं सांगतात, या बेटावर वस्ती होती. माडांच्या झावळ्यांनी शाकारलेली चारदोन खोपटी, मासे वाळवायच्या ओट्या, आणि केवड्याच्या बनामागे गोड्या पाण्याचा झरा. त्यातल्या एका खोपटात भागी राहायची. तिचा नवरा आणि थोरला मुलगा एकाच वाऱ्यात गेले. होडीची एक फळी तेवढी परत आली. ती तिने चुलीत घातली नाही, दारातही ठेवली नाही. नेऊन झऱ्यावर आडवी टाकली, आणि बायका तिच्यावरून घागरी भरू लागल्या.

उरला धाकटा, रवळू. त्या दिवसापासून भागीच्या तोंडी एकच शब्द राहिला. रवळू पाण्याकडे गेला, नको. रवळूने वल्ह्याला हात लावला, नको. माडावर चढला, नको. पोरांबरोबर खडपावर शिंपल्या काढायला निघाला, नको. बेटाच्या दक्षिणेला कडा आहे, तो आवाज परत देतो. त्यामुळे भागी एकदा म्हणायची आणि रवळूला दोनदा ऐकू यायचं. पुढे पुढे म्हणे ती बोललीच नाही तरी त्याला कड्याकडून ऐकू येई.

मुलगा ऐकणारा होता. वाढून माडासारखा झाला, दोन माणसांचं ओझं एकटा उचलायचा. पण पाण्याच्या कडेला आला की एक पाय उचलून उभा राहायचा आणि मागे वळून आईकडे बघायचा. लोक त्याला बगळा म्हणत. तो त्यावरही आईकडे बघूनच हसायचा.

"बगळा!" रेवू खुदकन हसली. मृणाल हसली नाही.

तेव्हा होड्या अंधारात परतायच्या, तर बाहेरच्या शेवटच्या खडपावर कोणीतरी चूड पेटवून उभं राहायचं. चूड म्हणजे सुक्या झावळ्यांची मशाल. तो उजेड डाव्या हाताला ठेवला की होडी सुखरूप आत येते. हे काम एका म्हाताऱ्याकडे होतं. एके वर्षी होड्या बाहेर असताना वारा फिरला, आणि म्हातारा तापाने निपचित पडलेला. बेटावर बायका, पोरं आणि रवळू. रवळूने चूड उचलली. धावत पाण्यापर्यंत गेला. एक पाय उचलला आणि मागे वळून बघितलं.

भागी घागर घेऊन येत होती. तिला म्हणे काय चाललंय ते नीट कळलंही नव्हतं. तिने मुलगा पाण्याच्या कडेला बघितला, आणि तोंडाला ज्या शब्दाची सवय होती तो बाहेर पडला.

रवळूने पाय खाली ठेवला.

त्या रात्री एक होडी खडपावर फुटली. काही माणसं पोहत आली, काही आली नाहीत. उजाडल्यावर सगळं बेट वाळूत जमलं. भागीला कोणी एका शब्दाने बोललं नाही. ज्या बाईचा नवरा आला नव्हता, तिने उलट भागीच्या पाठीवर हात ठेवला. भागीने तेही सोसलं असतं, असं सांगतात. पण सगळे आक्रोश करत असताना रवळू कोरडा उभा होता. फुटलेल्या होडीत त्याच्या जोडीची पोरं होती. त्याचे ओठ थरथरत होते. तो आईजवळ आला, आणि खाली वाकून, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्याने विचारलं, "आये, रडू?"

अनाजीकाका इथे थांबले. होडी थोडी फिरली होती. त्यांनी वल्ह्याने ती सरळ केली. मृणालने रेवूच्या जॅकेटचा पट्टा धरून ठेवला होता. तो तिने केव्हा धरला, तिलाच कळलं नव्हतं.

भागीने त्याला काय उत्तर दिलं, ते कोणी सांगत नाही. ती पाण्यापाशी गेली. तिथला एक गोल गोटा उचलून तिने जिभेखाली ठेवला, आणि नवस बोलली की हा शब्द आता या बेटावर माझ्या तोंडून निघायचा नाही, माझ्या मुलाच्या कानावर पडायचा नाही. निघालाच तर त्याचं वजन मी उचलीन. पहिल्या दिवशी, म्हणतात, तिने वाळूच्या कडेला एवढे गोटे वाहून नेले की हातांची सालटी निघाली. सवय काही एका दिवसात जात नाही. बायकांनी तिला एकटीला वाहू दिलं नाही. त्यांच्याही तोंडी तो शब्द होताच. तिथून ही रास.

"मग त्या काय म्हणायच्या?" मृणालने विचारलं. "म्हणजे... मूल खरंच पडणार असेल तर?"

"बघून," काका म्हणाले.

"काय बघून?"

"त्योच शब्द. 'बघून.' पोर कड्याकडे गेला, बघून. विस्तवाकडे गेला, बघून. आमच्या वाडीत अजून तसाच बोलतत. माझी आवस, म्हणजे आई, तर मी लग्नाक उभो रवलंय तेव्हाय म्हणाली, बघून रे!"

आणि मग दुसऱ्यांदा वारा फिरला, असं सांगतात. म्हातारा तोवर गेला होता. रवळूने चूड पेटवली, पाण्याशी गेला, एक पाय उचलला आणि मागे बघितलं. सगळं बेट भागीकडे बघत होतं. तिच्या तोंडात गोटा होता. तिने तो काढून मुठीत घेतला. कडा म्हणे तिच्या आधीच कुजबुजायला लागला होता. भागी म्हणाली, "बघून."

रवळूने पाण्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच नीट बघितलं, कारण तोवर तो फक्त आईकडेच बघत आला होता. कुठे पाणी काळं, कुठे फेसाळ, कुठे पाय ठरेल. मग उतरला. रात्रभर त्या शेवटच्या खडपावर चूड पेटत राहिली, आणि सगळ्या होड्या ती डाव्या हाताला ठेवून आत आल्या.

काकांनी टोपी परत डोक्यावर घातली.

"आणि रवळू?" मृणाल म्हणाली.

"त्येचा असा," काका म्हणाले, "आमच्या वाडीत सांगतत तो इलो. पलीकडच्या वाडीत सांगतत नाय इलो."

"पण खरं काय?"

"भागीन 'बघून' म्हटला, थयसरच माझी आवस गोष्ट संपवी. फुडचा विचारला की म्हणायची, फुडचा रवळूचा."

मृणालला हे मुळीच पटलं नाही. असं कसं? एवढी मोठी गोष्ट सांगायची आणि मुलगा परत आला की नाही तेवढंच सांगायचं नाही! ही गोष्ट कोण्या आईने रचलेली नाही, तिने मनाशी ठरवलं; कोणीतरी काठावर बसलेल्या पुरुषाने रचली असणार. मग तिला वाटलं, किंवा आईनेच. अशा आईने, जिला शेवट माहीत होता आणि सांगायचा नव्हता. इंजिन सुरू झालं आणि तिला पुढचा विचार करायला वेळ मिळाला नाही.

आता वस्ती नाही. झरा पावसापुरता वाहतो. पण आजही त्या बेटावर उतरणारा माणूस तो शब्द होडीत ठेवून उतरतो, आजही जत्रेच्या दिवशी शेवटच्या खडपावर कोणाची तरी तरणी मुलगी किंवा मुलगा चूड घेऊन उभा राहतो, आणि त्याची आई वाळूत उभी राहून मोठ्याने म्हणते, "बघून." रास दर वर्षी थोडी वाढते. समुद्र तिला हात लावत नाही, असं तेरवडचे लोक म्हणतात. लावत असेलही, पण लोकही तेवढेच भर घालतात.

गुडघाभर पाण्यात काकांनी रेवूला उचलून वाळूत ठेवलं. मृणाल सलवार वर धरून मागून आली. पहिल्याच काही मिनिटांत तिने राशीवर तीन गोटे ठेवले: एक ओल्या शेवाळावरून, एक शंखात हात घालण्यावरून, आणि तिसरा स्वतःवर चिडून, "शी, नको ते बेट!" म्हणाली म्हणून. काका माडाखाली विडी पेटवत होते. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली, पण त्यांचे खांदे हलत होते.

वाळूच्या टोकाला ओहोटीने एक सपाट खडक उघडा पडला होता. त्याच्या पलीकडे दुसरा, आणि त्यावर खेकड्यांची पिल्लं तुरुतुरु पळत होती. दोन्हींच्या मध्ये पाण्याची एक चीर. रेवूच्या घोट्याच्या वर येईल एवढंच पाणी, तळ स्वच्छ दिसत होता. पण हलत होतं.

रेवू चिरेपाशी गेली. एक पाय उचलला. आणि मागे वळून बघितलं.

मृणालची जीभ टाळ्याला लागली. शब्दाचं पहिलं अक्षर तयार होतं. शेवाळ, घसरण, डोक्याला लागणं, तेरवडमध्ये दवाखाना असेल का, असला तर रविवारी उघडा असेल का, हे सगळं त्या एका अक्षराच्या मागे रांगेत उभं होतं. रेवू वाट बघत होती. कंटाळा न करता, सवयीने. ती अशी किती वेळ उभी राहू शकते, हे मृणालला पहिल्यांदाच दिसलं.

"बघून," मृणाल म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही.

रेवूने भुवया उंचावल्या. परवानगी आहे की नाही, ते तिला कळेना. मग तिने मान वळवली आणि पाण्याकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. पायाचा अंगठा बुडवला, तळ चाचपला, हिरवट जागा सोडून खरखरीत जागेवर पाऊल ठेवलं, दोन्ही हात पसरले, आणि पलीकडे गेली. खेकडे पसार झाले. ती नारिंगी जॅकेटमध्ये ताठ उभी राहिली आणि आपल्या ओल्या पायांकडे बघू लागली.

मृणालला राहवलं नाही. तिने चपला तिथेच काढल्या आणि चिरेत पाय टाकायला पुढे झाली.

रेवूने झटकन हात वर केला, तळवा आईच्या दिशेने, मृणाल रस्त्यावर करते तसाच.

"आई, तू नको येऊस. पडशील."